जुळी मेंढीला होतात, मेंढ्याला नाही

मागच्या अंकात पैदाशीच्या नराबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा पाऊस पडला. त्यातली सात निवडली. ज्यांनी फक्त मेंढ्याचे फोटो पाठवून “कसा आहे?” एवढंच विचारलंय त्यांना एकच उत्तर: फोटोत सगळेच देखणे असतात.

“डॉक्टर, रामराम. गेल्या वर्षी ‘जुळ्यांचा मेंढा’ म्हणून ३२ हजाराला नर घेतला. फलटणच्या जातीचा आहे असं विकणारा म्हणाला. त्याच्यापासून ४३ मेंढ्या व्यायल्या. ४२ जणींना एकेक, एकीला जुळी. मी फसलो का?” (एक मेंढपाळ, तालुका माण)

रामराम. फसलात की नाही हे आज सांगता येणार नाही. मात्र या ४३ वेतांवरून त्या मेंढ्याला दोष देता येत नाही.

मेंढीच्या पोटात किती कोकरं राहायची हे एका माजाला तिच्या बीजकोशातून किती बीजं सुटली त्यावर ठरतं. एक सुटलं तर एक, दोन सुटली तर दोन. एकच बीज फुटून जुळी होणं मेंढरांत क्वचितच घडतं. नराकडून बीज कोट्यवधींनी येतं, तिथं टंचाई नसतेच. म्हणजे मेंढीनं किती व्यायचं ते तिच्या माहेरानं ठरवलेलं असतं, नवऱ्यानं नव्हे. तुमच्या ४३ जणी या मेंढ्याच्या बायका आहेत, लेकी नाहीत. त्याच्या अंगात जुळ्यांचं जनुक असलंच तर ते लेकींच्या वेतात दिसेल. आपल्या दख्खनी मेंढीत शंभरात दोन-चार जुळी तशीही होतात, तुमचं ते एक जुळं त्यातलं.

हे जनुक आलं कुठून, ती गोष्ट मला फार आवडते. सुंदरबनात गरोल नावाची मेंढी आहे. बुटकी, दहा-चौदा किलोची, आपल्या मेंढीच्या निम्मीसुद्धा भरत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि दोन-तीन कोकरं सहज देते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथं त्या मोठ्या कळपांत मिसळल्या आणि लोक त्यांना विसरूनही गेले. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बूरूला नावाच्या मेंढवाड्यावर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं, की आपल्या मेरिनोंपैकी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या जुळी-तिळी देतात. त्यांनी ती वेगळी राखली. शास्त्रज्ञांनी तिथून जनावरं नेऊन अभ्यास केला आणि २००१ मध्ये ते जनुक नेमकं सापडलं. पाठोपाठ आपल्या गरोलमध्येही हुबेहूब तोच बदल निघाला. बंगालची लेक सातासमुद्रापार नांदली आणि तिच्या वाणावरून माहेर ओळखू आलं, असंच म्हणा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात थेट सुंदरबनातून गरोल आणल्या. त्यांचं हे एक जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं आणि गरोलचा बुटकेपणा पुढच्या पिढ्यांत दख्खनीशी परत परत संकर करून काढून टाकला. तीच नारी सुवर्णा. जनुक ओळखणारी डीएनए चाचणी बसवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा हात होता.

आता तुमचा हिशेब. प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. तुमच्या मेंढ्यात जुळ्यांच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत हमखास जाणार. एकच असेल तर निम्म्या लेकींत. एकही नसेल तर मग तुम्ही खरंच फसलात. एक प्रत असलेल्या माद्यांचा कळप शंभर वेतांत साधारण दीडशे कोकरं देतो. दोन प्रती असलेली मेंढी तिळ्याकडे झुकते, कोकरं हलकी पडतात. आपल्या माळावर एक प्रत पुष्कळ झाली.

डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही. कानाची ठेवण, शिंग, पाठ, कशावरूनही नाही. मेंढ्याच्या रक्ताचा नमुना देऊन चाचणी करून घ्या. खरेदीच्या आधी केली असती तर बरं, पण आता तरी करा. अहवाल हातात येईपर्यंत त्याची एकही मादी कोकरू विकू नका. सव्वा-दीड वर्षाची होऊन ती गाभण राहणार, पुढे पाच महिने. जुळ्यांचं तोंड पाहायला नर आणल्यापासून सव्वादोन-अडीच वर्षं लागतात. मेंढा बाजारात विकणारा माणूस हे सांगत नाही.

“डॉक्टरदादा, आम्ही दिवाळी झाली की वाडा (मेंढरं आणि बिऱ्हाड) घेऊन कोकणात उतरतो. मालकांनी दोन वर्षांपासून जुळ्यांचं वेड घेतलंय. जुळी होतात, पण दुबळं मरतं. रात्रीची बाटली मलाच पाजावी लागते. हे चांगलं की वाईट तुम्हीच सांगा.” (एक ताई, फलटणकडच्या)

ताई, या महिन्यातलं सगळ्यांत शहाणं पत्र तुमचं. मालकांना वाचून दाखवा.

माझी आई वाड्याबरोबर फिरलेली. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर डालगं, डालग्यात दोन दिवसांची कोकरं आणि त्यांच्याशेजारी मी. जुळं झालं की आजी म्हणायची, “एक देवाचं, एक आपलं.” देवाचं बहुतेक तिसऱ्या दिवशी जायचं. तेव्हा मला ते नशीब वाटायचं. जनावरांचा डॉक्टर झाल्यावर कळलं, ती उपासमार होती.

पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. दोन असली की ती आईच्या पोटातली जागाच खातात, तिला चारा कमी मावतो आणि गरज तर दुप्पट. त्यातच तुम्ही घाट उतरत असता. अशी मेंढी मागं राहायला लागली, मान वाकडी धरून दातावर दात घासायला लागली, तर ती ‘लागलेली’ (बाहेरची बाधा झालेली) नाही, तिच्या रक्तातली साखर उतरलेली आहे. त्या सहा आठवड्यांत संध्याकाळी वाघरीत (जाळीच्या कुंपणात) घेतल्यावर मूठ-दोन मूठ मका किंवा भरड द्या. सगळ्या खांडाला (कळपाला) शक्य नाही, मला माहीत आहे. मागच्या वेताला जुळी झालेल्या आणि पोट दोन्ही बाजूंनी सुटलेल्या तेवढ्याच वेगळ्या काढा. दहा-बारा निघतील.

व्यायल्यावर पहिला तास चिकाचा. पहिल्या दिवसभरात कोकराच्या दर किलोला दोनशे मिली चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या कोकराला चारशे मिली, चार-पाच वेळा विभागून. त्याच्या तोंडात करंगळी घालून पाहा. तोंड गार लागलं तर आधी घोंगडीत गुंडाळून ऊब द्या, मग पाजा. गारठलेल्या कोकराला नुसतं दूध ओतलं तर ते पोटात तसंच पडून राहतं. आईला चीक कमी असेल तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसरीचा काढा, तीही नसेल तर ताज्या व्यायलेल्या शेळीचा. वाड्यात चार शेळ्या असतातच, त्या कशासाठी ठेवल्या होत्या ते जुन्या बायकांना ठाऊक होतं.

आणि जिचं एकुलतं मेलं अशी मेंढी असेल तर दुबळं तिच्या अंगावर लावा. तिच्या मेलेल्याचं कातडं सोलून या कोकराच्या पाठीवर दोन दिवस बांधायचं. ओंगळ काम आहे, पण मेंढी बाळ नाकानं ओळखते. मी पहिल्यांदा हे एका म्हाताऱ्या मेंढक्याकडून शिकलो, तेव्हा पदवी माझ्या खिशात होती.

आता तुमचा मूळ प्रश्न. मालकांनी जन्मलेली कोकरं मोजणं बंद करावं आणि तीन महिन्यांनी प्रत्येक मेंढीमागं किती किलो कोकरू उभं आहे ते मोजावं. एकीला एकच, पंधरा किलोचं. दुसरीला दोन, अकरा-अकराची, म्हणजे बावीस. तिसरीला दोन झाली, एक मेलं, दुसरं नऊवर खुरटलं. पुढं ठेवायच्या लेकी दुसरीच्या. तिसरीची लेक ठेवलीत तर तुम्ही बाटलीचं काम पुढच्या पिढीलाही लावून देताय. ज्या वाड्याला वर्षभर चालावं लागतं तिथं सगळा कळप जुळ्यांचा करू नये असं माझं मत आहे. फलटणच्या संस्थेतले माझे काही मित्र यावर माझ्याशी भांडतात. त्यांची बाजू अशी की, जुळ्यांच्या मेंढ्या आधीच माहीत असतील तर खुराकही नेमका त्यांनाच घालता येतो. ते खरं आहे, पण कोकणात रात्री दोन वाजता उठायला ते येत नाहीत.

“सर, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. भोरजवळ पाच एकर आहे. डॉर्परसारखी परदेशी जात आणून दख्खनीशी क्रॉस केला तर वाढ दुप्पट होईल का? यूट्यूबवर तसं सांगतात.” (एक वाचक, पुणे)

दुप्पट शब्द ऐकला की पाकीट सांभाळायचं.

डॉर्पर चांगली जात आहे. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून ती मांसासाठी घडवली, आणि कोरड्या मुलखासाठीच घडवली. तिच्याशी माझं वैर नाही. पण दोन वेगळ्या जातींच्या संकरातल्या पहिल्या पिढीत जो जोम दिसतो त्यातला एक भाग संकराचाच असतो. त्या पहिल्या पिढीच्या नर-माद्या आपसांत लावल्या की त्यातला निम्मा जोम पुढच्या पिढीतच उतरतो. व्हिडिओ पहिल्या पिढीचे असतात. दुसऱ्या पिढीचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

मी लहान असताना एका योजनेतून आमच्या बापाला लोकरीसाठीचा संकरित मेंढा मिळाला होता, विलायती रक्ताचा. पांढरा, गुबगुबीत, डोळ्यांवर लोकर. वाडीतली पोरं त्याला ‘साहेब’ म्हणायची. त्याच्या कोकरांची लोकर खरंच मऊ निघाली. बाप ती घेऊन घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडं गेला. सणगरानं चिमटीत धरून पाहिली आणि परत केली. म्हणाला, “याची घोंगडी पावसाला थांबायची नाही.” त्याला काळी, राठ दख्खनी लोकरच हवी होती. त्यात आमच्या माळावर कुसळी गवत. साहेबाच्या दाट लोकरीत कुसळं अडकायची आणि आत कातडीत शिरायची. आई संध्याकाळी मांडीवर कोकरू घेऊन एकेक उपटत बसायची. तिसऱ्या वर्षी बापानं साहेबाला खाटकाला दिला. योजना कागदावर चुकीची नव्हती. ज्याला लोकर विकायची त्याला आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुम्ही आधी शेजारच्या वाड्यातून वीस चांगल्या दख्खनी माद्या घ्या आणि दोन वर्षं सांभाळून दाखवा. शनिवार-रविवारी नव्हे, रोज. तोवर डॉर्पर कुठं पळून जात नाही.

“आमच्याकडं माडग्याळ मेंढ्याच्या नाकावर भाव ठरतो. नाक जेवढं राघूसारखं वाकडं तेवढी बोली जास्त. नाकाचा आणि वाढीचा खरंच संबंध आहे का?” (एक तरुण, तालुका जत)

माडग्याळ हे तुमच्या जत तालुक्याचं लेणं. उंच, लांब, पांढऱ्यावर तपकिरी डाग, आणि वाढीला दख्खनीपेक्षा चपळ. तेव्हा माडग्याळच्या नाकाचा आणि वाढीचा संबंध इतकाच की दोन्ही त्या जातीत आहेत. त्याच जातीत एका नराचं नाक दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलं म्हणून त्याची कोकरं जास्त भरतील, असं मला तरी कधी आढळलं नाही. उलट नाक फार वाकलेल्या काही नरांत खालचा जबडा आखूड मी पाहिलाय. दात वरच्या गादीला नीट टेकत नाहीत, आखूड गवत तोडता येत नाही. बोली लावण्याआधी ओठ उघडून पाहा, कोणी रागावणार नाही.

शौकाचा बाजार वेगळा आणि मांसाचा वेगळा. आटपाडीच्या जत्रेत लाखांच्या बोली होतात, त्या शौकाच्या. त्यात पैसे मिळवणाऱ्यांनी मिळवावेत. पण निवडीचा एक कठोर नियम आहे: तुम्ही जितक्या गोष्टींवर निवडाल तितकी प्रत्येकीवरची पकड ढिली होते. दहा नरांतून एक ठेवायचा असेल आणि तो नाकावर निवडला, तर वजनाच्या बाबतीत तुम्ही डोळे झाकून चिठ्ठी उचललीत.

वजनावर निवडायचं तर असं. कोकरं एकाच दिवशी जन्मत नाहीत, म्हणून वजन ९० दिवसांवर आणून तुलना करायची. जन्मतः २.८ किलो, ८० व्या दिवशी १४ किलो. वाढ झाली ११.२, भागिले ८०, रोजची १४० ग्रॅम. ती गुणिले ९० म्हणजे १२.६, त्यात जन्माचे २.८ मिळवले की १५.४. हा त्याचा आकडा. जुळ्यातल्याची तुलना जुळ्यातल्याशीच करा, पहिलटकरणीच्या कोकराची पहिलटकरणीच्याच. नाहीतर तुम्ही दर वेळी एकुलती, लाडावलेली कोकरं निवडाल आणि जुळी देणारं घराणं आपल्याच हातानं कळपातून घालवाल. असं झालेले दोन कळप मी पाहिलेत.

आता अपेक्षा किती ठेवायची? समजा तुमचा नर ९० दिवसांना कळपाच्या सरासरीपेक्षा चार किलोनं जास्त होता. लोकांना वाटतं, कोकरंही चार किलोनं वाढतील. या जादा वजनातला साधारण पाचवा हिस्साच वंशातून आलेला धरा, बाकी आईचं दूध, चारा, नशीब. चारचा पाचवा हिस्सा आठशे ग्रॅम. त्यातला निम्मा नराकडून उतरतो, म्हणजे चारशे ग्रॅम. वाचून तोंड उतरलं असेल. पण साठ कोकरांवर ते चोवीस किलो होतात, आणि ते पेंडीसारखे संपत नाहीत. त्याच्या लेकी कळपात राहिल्या की त्यातला त्यांचा वाटा पुढच्या वेतातही येत राहतो.

“आमच्या ४० मेंढ्या, एकच मेंढा, सहा वर्षं झाली. आता कोकरं किरटी होतात. दोन नर कोकरांना एकच गोळी (वृषण) उतरलेली. मेंढा म्हातारा झाला म्हणून का?” (एक शेतकरी, मंगळवेढ्याकडील)

मेंढा म्हातारा झाला हे वेगळं, तो स्वतःच्या लेकी-नातींना लागतोय हे खरं दुखणं. बाप-लेकीच्या संगतीतून झालेल्या कोकरात सरासरी चारांतली एक जनुकजोडी दोन्हीकडून तीच आलेली असते. सावत्र भावंडांच्या बाबतीत आठांतली एक. प्रत्येक घराण्यात काही दडलेले दोष असतात, दोन्हीकडून तेच आले की उघडे पडतात. एक गोळी न उतरणं त्यातलंच. ती दोन्ही कोकरं पैदाशीला ठेवू नका, एक गोळी असली तरी नर लागू पडतो म्हणून मोह होईल.

एक हिशेब सांगतो, तो मला स्वतःला पहिल्यांदा कळला तेव्हा धक्का बसला होता. ४० मेंढ्या आणि एक नर, म्हणजे बघायला ४१ जनावरं. पण रक्ताच्या विविधतेच्या हिशेबात तो कळप जेमतेम चार जनावरांएवढा भरतो, कारण प्रत्येक कोकराचा निम्मा हिस्सा एकाच दारातून येतो. चार नर वापरलेत तर तोच आकडा साडेचौदाच्या आसपास जातो.

चार नर पोसणं तुम्हाला परवडणार नाही. म्हणून शेजारचे तीन कळप जोडा आणि नर दर दोन वर्षांनी पुढच्या कळपात सरकवा. अठराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होता, लेस्टरशायरमधल्या डिशलीचा. तो आपले मेंढे विकायचा नाही, हंगामापुरते भाड्यानं द्यायचा. पैसे मिळायचेच, शिवाय दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या चाऱ्यावर आपल्या मेंढ्याची कोकरं कशी होतात ते फुकट पाहायला मिळायचं. जो उत्तम निघेल तो परत घरी. गंमत म्हणजे तो स्वतः जवळच्या नात्यात बिनदिक्कत पैदास करायचा आणि बिघडलेलं जनावर निर्दयपणे काढून टाकायचा. त्याच्या मेंढ्यांना चरबी फार आणि कोकरं कमी, अशी तक्रार लोक करायचेच. त्याच्याकडून भाड्याची युक्ती घ्या, नात्याची नको.

नवा नर घेताना दात पाहा. दोन दाती झालेला, दीड वर्षाचा असावा, आणि पंचवीस-तीस मेंढ्यांहून जास्त एकट्यावर टाकू नका. गोळ्या हातात घ्या: दोन्ही सारख्या, घट्ट, आत गाठ नको. दोन नर असतील तर खांड दोन भागांत पाच आठवडे वेगळं ठेवा, सतरा दिवसांचे दोन माज त्यात बसतात. नराच्या छातीला गेरू तेलात कालवून लावलात तर कोणती मेंढी कधी लागली तेही तिच्या पाठीवर दिसतं. माझा बाप दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा, कोणती कुणाची लेक ते तीन पिढ्या सांगायचा. पण ‘बाप कोण?’ विचारलं की आभाळाकडं बघायचा. तीन मेंढे मोकळे सोडलेले, कसं सांगणार?

“सर, मी नववीत आहे. डॉलीसारखी चांगल्या मेंढीची कॉपी करत गेलो तर निवड करायची गरजच काय?” (एक विद्यार्थिनी, बारामती)

बाळ, प्रश्न झकास आहे. डॉली ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमध्ये जन्मली, एका प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. २७७ वेळा प्रयत्न केल्यावर ती एक जगली. नक्कल केली की जास्तीत जास्त मूळ मेंढीइतकी चांगली मेंढी मिळेल, तिच्याहून सरस नाही. सरस व्हायला दोन जणांची जनुकं नव्यानं पिसली जावी लागतात, पत्त्यांसारखी, आणि त्यातून चांगला डाव आपण उचलायचा. आणि डॉलीला पुढं आपली कोकरं झाली ती नेहमीच्याच रीतीनं: आधी एक, मग जुळं, मग तिळं. २००३ मध्ये ती गेली. तू विज्ञान सोडू नकोस.

“कानातले टॅग गळून पडतात. तुम्ही मेंढरांच्या नोंदींची वही ठेवा म्हणता, पण नंबरच हरवला तर वही काय कामाची?” (एक मेंढपाळ, दहिवडीजवळ)

बरोबर आहे. टॅग कानाच्या टोकाला मारला की काट्यात अडकून कान फाटतो. डोक्याकडच्या बाजूला, दोन जाड शिरांच्या मधल्या सपाट जागेत मारा, आणि कोकराचा कान पुढं वाढणार म्हणून थोडी फट ठेवा. पावसाळ्यात मारू नका, जखमेत अळ्या पडतात. थंडीत मारा, हळद-तेल लावा. पैदाशीला ठेवायच्या माद्यांना दोन्ही कानांत एकच नंबर, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहतो. दोन्ही गेले तर त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तिचा नंबर वहीत नक्की करून घ्या, उद्यावर ढकलू नका.

आणि वहीत शाईच्या पेनानं लिहू नका, पहिल्याच वळवात सगळं निळं होतं. शिसपेन्सिल वापरा.